अंग आणि अस्तर: स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा इतिहास

कार्ल्याच्या लेण्यांत सहल घेऊन जाणारे शिक्षक चैत्यगृहातील खांबांवरचे ब्राह्मी लेख विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेख अगदी त्रोटक आहेत. अमुक गावच्या अमुक माणसाने हा खांब दान दिला, एवढेच त्यांत लिहिलेले असते. धेनुकाकट या गावाचे नाव पुन्हा पुन्हा येते, आणि दान देणाऱ्यांत यवनही आहेत. एवढ्या तुटपुंज्या मजकुरावरून इतिहासकारांनी घाटवाटांवरच्या व्यापाराविषयी आणि व्यापाऱ्यांविषयी बरेच काही शोधून काढले.

अशाच त्रोटक लेखांचा एक मोठा संग्रह आपल्या घराघरांत फळीवर मांडून ठेवलेला असतो. लग्नात, बारशात किंवा वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यावर नाव घालायची आपली रीत आहे. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख. वडगाव, कामशेत, कार्ले, लोणावळा या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घरातील भांडी तारखेच्या क्रमाने मांडून पाहावीत. पणजीच्या आणि आजीच्या लग्नातली तांब्यापितळेची, मधल्या काळातली थोडी जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि त्यानंतरची बहुतेक सगळी स्टीलची. हा क्रम पाहून कोणालाही वाटेल की आधी वाईट धातू होता, मग बरा आला आणि शेवटी उत्तम आला. आमच्या मते हा समज चुकीचा आहे. स्टीलचे मोठे पातेले विकत घेताना आपण फसतो तेही बहुधा याच समजामुळे. म्हणून पातेल्याच्या निवडीकडे वळण्याआधी त्याच्या इतिहासाकडे पाहू.

पातेल्याला दोन कामे करावी लागतात. खालून मिळालेली उष्णता सगळीकडे सारखी पसरवणे हे पहिले काम. आतल्या पदार्थाशी कोणतीही रासायनिक क्रिया न करणे हे दुसरे. पहिले काम भांड्याच्या अंगाचे आणि दुसरे अस्तराचे, असे म्हणू. दोन्ही कामे उत्तम करील असा स्वस्त धातू निसर्गाने दिलेला नाही. पातेल्याचा सारा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

तांबे आणि कथील

उष्णता वाहून नेण्यात चांदीखालोखाल तांब्याचा क्रमांक लागतो. शिवाय ते ठोकून हवे तसे वाढवता येते. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांनी ती वसवली. हंडे, घंगाळी, बंब, पातेली घडवताना एकसारखे ठोके देऊन पृष्ठभागावर जी नक्षी उमटवतात तिला मठारकाम म्हणतात. ते दिसायला सुंदर असते, पण मुळात त्याचा उपयोग वेगळा आहे. ठोक्यांनी तांब्याचे स्फटिक दबतात, धातू कठीण होतो आणि पातळ पत्र्याचे भांडेही आकार धरून राहते.

पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे १८५८ मध्ये आली आणि मधला बोरघाट १८६३ मध्ये जोडला गेला. मुंबई बंदरात उतरणारे विलायती तांब्यापितळेचे पत्रे त्यानंतर घाटावर चढवणे सोपे झाले. तोवर हा माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट चढत असे.

तांब्याचे दुखणे दुसऱ्या कामात आहे. चिंच, ताक, आमसूल अशा आंबट पदार्थांच्या सहवासात, हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने, तांबे विरघळते. पदार्थाला हिरवट झाक येते, चव बिघडते, आणि तो खाल्ल्यास मळमळ व उलट्या होतात. यासाठी मराठीत एक नेमके क्रियापद आहे: पदार्थ कळकतो. कळंक म्हणजे तांब्यापितळेवर चढणारा गंज. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, पण कळकण्याच्या बाबतीत त्याचीही तीच गत.

यावरचा उपाय म्हणजे कल्हई. भांडे भात्याच्या शेगडीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील सगळीकडे फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. नवसागर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरील ऑक्साइड काढून टाकतो आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूला कथील घट्ट धरते. कल्हईवाल्याभोवती उठणारा तो पांढरा धूर म्हणजे वर गेल्यावर पुन्हा एकत्र आलेला नवसागरच. रासायनिक क्रिया उलट दिशेनेही होते हे दाखवण्यासाठी याहून घरगुती उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

कथलाचा हा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच जाड असतो. तो उष्णतेला अडवत नाही आणि तांब्याला पदार्थापासून दूर ठेवतो. म्हणजे अंग तांब्याचे, अस्तर कथलाचे. तत्त्व म्हणून ही रचना निर्दोष होती. व्यवहारात मात्र अस्तर झिजायचे, दर काही महिन्यांनी पुन्हा लावावे लागायचे, आणि कथील महाग म्हणून त्यात शिसे मिसळायचा मोहही काहींना व्हायचा. शिसे मिसळले की मिश्रण आणखी कमी तापमानाला वितळते, काम सोपे होते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. शिशाचे विष मात्र हळूहळू साठत जाते आणि त्याची सर्वाधिक झळ लहान मुलांच्या मेंदूला बसते. जुन्या भांड्यांच्या आठवणीत रमताना ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

ॲल्युमिनियमबद्दल थोडक्यात. १८९८ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली आणि तेथून हा धंदा देशभर पसरला. धातू हलका व स्वस्त होता, कल्हईची कटकट नव्हती आणि उष्णतावाहकताही चांगली होती. पण आंबट आणि खाऱ्या दोन्ही प्रकारच्या पदार्थांशी त्याची क्रिया होते. ते काळे पडते, पोचे येतात आणि लग्नात द्यायला ते कमी प्रतीचे वाटते. भांड्यांच्या इतिहासात हे शेवटचे कारणही रसायनाइतकेच महत्त्वाचे ठरले आहे.

न गंजणारे पोलाद

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ याने १७९७ मध्ये क्रोमियम शोधले. १८२१ मध्ये बेर्तिए याने लोखंड आणि क्रोमियम यांचे मिश्रण आम्लांना दाद देत नाही असे नोंदवले. तरी उपयोगी पोलाद हाती यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. कारण क्रोमियमबरोबर कार्बनही भरपूर यायचा आणि मिश्रधातू ठिसूळ व्हायचा. १९१२ मध्ये जर्मनीत क्रुप कारखान्यातील श्ट्राउस व माउरर यांच्या कामातून क्रोमियम आणि निकेल असलेल्या पोलादाचे एकस्व घेतले गेले. १९१३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद विजेच्या भट्टीत ओतले.

ब्रेअर्लीच्या डोक्यात पातेले नव्हते. बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर तो उपाय शोधत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाचा नमुना आम्लाने खरवडावा लागतो आणि हा नमुना खरवडला जाईना. त्याने व्हिनेगर आणि लिंबाचा रसही लावून पाहिला. शेफील्ड हे सुऱ्याकात्र्यांचे गाव. ब्रेअर्लीला सुरी सुचली यात नवल नाही. त्याच्या मालकांना मात्र त्यात रस वाटला नाही. तो या पोलादाला ‘रस्टलेस’ म्हणजे न गंजणारे म्हणत होता. सुऱ्या बनवणाऱ्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी व्हिनेगरने चाचणी घेतली आणि डाग पडत नाही हे पाहून ‘स्टेनलेस’ हा शब्द सुचवला. स्टेनलेस म्हणजे निष्कलंक. कळकणाऱ्या भांड्यांच्या जागी निष्कलंक भांडी आली, हा भाषेतला योगायोग मराठी वाचकालाच दिसेल.

हे पोलाद गंजत का नाही? क्रोमियमचे प्रमाण साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अखंड थर तयार होतो. त्याची जाडी फक्त काही नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. थर ओरखडला गेला तर उघड्या पडलेल्या क्रोमियमचा हवेशी संबंध येऊन तो जवळजवळ तत्काळ भरून येतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे पावसाळ्यात कोयता दोन दिवस कोपऱ्यात राहिला तर तांबडा होतो, पण स्टीलच्या डब्यावर कोरलेल्या नावाच्या खाचेत गंज दिसत नाही. त्याचे कारण हेच. कल्हई दर काही महिन्यांनी करावी लागे. ही ‘कल्हई’ भांडे स्वतःच करून घेते.

लोणावळ्याचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. क्रोमियम असलेले पोलाद वितळवायला विजेच्या भट्ट्या सोयीच्या. शेफील्डमध्ये ब्रेअर्लीची भट्टी पेटत होती त्याच वर्षांत वळवण, लोणावळा आणि शिरोता येथे टाटांची धरणे उभी राहत होती. त्यांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुढे १९६० च्या दशकात याच खोपोलीत फ्रेंच सहकार्याने मिश्रपोलादाचा कारखाना निघाला आणि घाटाच्या पायथ्याशीही विजेच्या भट्ट्या पेटल्या.

निकेल, मँगेनीज आणि दुकानदाराचे चुंबक

स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी जगभर मान्य झालेले पोलाद म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे. ३०४ या क्रमांकाने ते ओळखले जाते. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते. ते पोलाद लवचिक होते, दाबयंत्राखाली न फाटता खोल पातेल्याचा आकार घेते, आणि चुंबकाला चिकटत नाही.

भारतात क्रोमियमचे खनिज ओडिशात भरपूर आहे. निकेल मात्र जवळजवळ सगळे आयात करावे लागते, आणि परकीय चलनाच्या टंचाईच्या दशकांत ते फार जड जात होते. म्हणून आपल्याकडे स्टीलचे भांडे दीर्घकाळ मौल्यवान वस्तू होती. जुने कपडे घेऊन बोहारीण एक वाटी द्यायची आणि त्यासाठी तासभर घासाघीस चालायची. पितळेचा हंडा मोडीत द्यायचा आणि वजनाच्या हिशेबाने स्टीलचा डबा आणायचा, हा व्यवहार लोणावळ्याच्या बाजारातही झाला आणि पुण्याच्या रविवार पेठेतही. तांबट आळीतल्या कितीतरी घडणावळी अशा भट्टीत गेल्या.

निकेलचे काम काही प्रमाणात मँगेनीज करू शकते. अमेरिकेत निकेलची टंचाई असताना १९५० च्या दशकात मँगेनीजयुक्त पोलादे पुढे आली. ही २०० क्रमांकाची मालिका. मँगेनीजच्या खाणी आपल्या भंडारा-नागपूर भागात आहेतच. भारतीय भांडे उद्योगाने हे पोलाद मोठ्या प्रमाणावर उचलले. त्याच्या स्वस्त प्रकारांत निकेल जेमतेम एक टक्का, मँगेनीज नऊच्या आसपास आणि क्रोमियम पंधरा-सोळा टक्के असते. देशाच्या दृष्टीने ही चांगली काटकसर होती. तक्रार एवढीच की बाजारात हे पोलाद ३०४ म्हणूनही विकले जाते.

येथे दुकानदाराचे चुंबक येते. चुंबक चिकटले नाही तर माल अस्सल, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. पण मँगेनीजच्या पोलादालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे ज्या दोन पोलादांत गिऱ्हाइकाची फसवणूक होण्याचा संभव आहे, त्यांतला फरक चुंबक सांगतच नाही. उलट अस्सल ३०४ चे पातेले दाबून काढताना काठाजवळ त्याची रचना थोडी बदलते आणि तेथे चुंबक किंचित ओढले जाऊ शकते. आणि जे पोलाद चुंबकाला जोरात चिकटते ते गंजणारेच असते असेही नाही. वर्गात हे दाखवायला एक रुपयाचे नाणे पुरेसे आहे. १९९२ पासूनचे हे नाणे सुमारे १७ टक्के क्रोमियमच्या, निकेल नसलेल्या पोलादाचे आहे. ते चुंबकाला टपकन चिकटते आणि तरी खिशात गंजत नाही. नियतीचा विनोद असा की इंडक्शनची शेगडी आली आणि तिला चुंबक चिकटणारेच बूड लागते.

अंग हरवले, परत आले

स्टीलने अस्तराचा प्रश्न सोडवला, पण अंग हरवले. उष्णतावाहकतेचे आकडे पाहा. प्रचलित एककात तांबे सुमारे ४००, ॲल्युमिनियम २३५, पितळ ११० ते १२०, साधे लोखंड ८० आणि ३०४ पोलाद केवळ १५ ते १६. तांब्याच्या तुलनेत पंचविसावा हिस्सा! म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वर्तुळापुरताच भाग तापतो आणि तेथे पदार्थ लागतो. मावळात याचा अनुभव भाताने येतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी हा तांदूळ आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघालेला, शिजल्यावर चिकट होणारा. पितळेच्या जाड पातेल्यात तो मऊ शिजतो. पातळ स्टीलमध्ये खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांनाही हे पक्के ठाऊक असते. पाक दीडशे अंशांच्या आसपास न्यायचा आणि गूळ कोठेही जळू द्यायचा नाही, तर कढई जाडच हवी.

उपाय काय निघाला? १९३९ मध्ये अमेरिकेत रिव्हियर कंपनीने स्टीलच्या भांड्याला तांब्याचे बूड चढवले. पुढे दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकती दाबून बसवलेले ‘सँडविच’ बूड आले, आणि संपूर्ण अंगच तीन थरांचे असलेली भांडीही आली. बाहेर चुंबकीय पोलाद, मध्ये ॲल्युमिनियम, आत निकेलचे पोलाद. आता तांबटाच्या पातेल्याशी याची तुलना करावी. उष्णता वाहणारे अंग आणि पदार्थाला स्पर्श करणारे निरुपद्रवी अस्तर, हीच ती जुनी रचना. फक्त कथलाच्या जागी पोलाद आले आहे. तांब्याचा नुसता मुलामा दिलेले बूड मात्र शोभेपुरते असते. त्या थराची जाडी इतकी कमी असते की बाजूला पसरणाऱ्या उष्णतेवर तिचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेत कोळी-आगरी मंडळींच्या स्वयंपाकाचे टोप ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मोठ्या भांड्याचा आकार वेगळा सांगायला नको. मटण आधी मीठ-हळदीवर शिजवून आळणी काढायची, तर तासभर मंद उकळत ठेवावे लागते. अशा कामाला उंच पातेले बरे, कारण तोंड लहान म्हणून पाण्याची वाफ कमी होते. व्यास २४ सेंटिमीटर आणि उंची २० सेंटिमीटर असेल तर घनफळ नऊ लिटर भरते. दोन तृतीयांश भरले तर सहा लिटर, म्हणजे माणशी पाव लिटरप्रमाणे चोवीस जणांचा रस्सा. आमटीलाही हाच हिशेब लागू पडतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि मंद आचेवरचा वेळ थोडा वाढतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

अशा पातेल्यात आंबट पदार्थ रात्रभर ठेवायचा असेल तर आतले पोलाद ३०४ चे असावे. नुसते पाणी तापवायला किंवा धान्य भरायला मँगेनीजचे पोलाद चालते. नव्या भांड्यातून पहिल्या काही वेळा आंबट रसात निकेल आणि क्रोमियम थोडे अधिक उतरते, मग ते कमी होते. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. मीठ पाणी उकळल्यावरच घालावे. थंड पाण्यात टाकलेले मीठ बुडाशी साठते आणि त्यातील क्लोराइड त्या काही नॅनोमीटरच्या थराला भोके पाडते. मग पांढरट ठिपके उमटतात, ते घासून जात नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय खूण सक्तीची करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांसाठीचे मानक आयएस १४७५६ हे आहे. दुकानात चुंबकाऐवजी ही खूण पाहावी.

जाडी मात्र विद्यार्थ्यांना घरच्या तराजूवर काढता येईल. वर सांगितलेल्या पातेल्याच्या बाजूचे आणि बुडाचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १९६० चौरस सेंटिमीटर होते. पत्रा एक मिलिमीटर असेल तर धातूचे घनफळ १९६ घन सेंटिमीटर, आणि पोलादाची घनता ७.९ धरली तर वजन साधारण दीड किलो भरेल. पातेले पाऊण किलोचे निघाले तर पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा आहे. काठ आणि कड्या यांचे वजन त्यातून वजा करावे. सँडविच बूड असेल तर हा हिशेब लागू होत नाही. तेथे बुडाची कडा बाजूने पाहून चकतीची जाडी पट्टीने मोजावी. ॲल्युमिनियमची चकती पाच मिलिमीटरच्या आसपास असेल आणि ज्योतीपेक्षा रुंद असेल, तर इंद्रायणीचा भात करपणार नाही.